धाकट्या भावाचा मलेरिया सहा महिन्यांत दोनदा उलटला: चौदा दिवसांच्या गोळ्यांविषयी अनुभव आणि काही प्रश्न

निंबाची सावली (मूळ लेख)

माझा धाकटा भाऊ रस्तेबांधणीच्या कामावर पर्यवेक्षक आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचे काम गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीच्या पुढे चालू होते. पोळ्यासाठी तो नागपुरात मानेवाड्याला घरी आला, तो अंगात बारीक कणकण घेऊनच. तान्ह्या पोळ्याच्या दुपारी त्याला अशी हुडहुडी भरली की दोन चादरी आणि एक रजई टाकूनही दात वाजणे थांबेना. तासाभराने अंग तव्यासारखे तापले आणि संध्याकाळी घामाने गादी भिजून ताप उतरला. दुसऱ्या दिवशी तो जेवला, ओळखीच्यांकडे जाऊन आला, आणि आम्ही निश्चिंत झालो. तिसऱ्या दिवशी दुपारी जवळजवळ त्याच वेळेला पुन्हा तेच सुरू झाले.

जवळच्या दवाखान्यात तपासणी न करताच प्रतिजैविके आणि इंजेक्शन देण्यात आले. चौथ्या दिवशी रक्त तपासले तर प्लेटलेट ८२ हजार निघाले, म्हणून सगळ्यांनी डेंग्यू गृहीत धरला आणि आम्ही पपईच्या पानांच्या रसामागे लागलो. रक्ताची स्लाइड पाहण्याचे कोणाला तरी सुचले तेव्हा सहा दिवस गेले होते. अहवालात ‘व्हायव्हॅक्स’ हा मलेरियाचा प्रकार आला, क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्या झाल्या आणि ताप गेला. चिठ्ठीवर प्रायमाक्विन नावाच्या आणखी एका गोळीचे नाव होते, परंतु औषध दुकानात ती त्या दिवशी नव्हती आणि तिच्याशिवाय उपचार अपुरा राहतो हे आम्हाला कोणीही सांगितले नाही.

दिवाळीनंतर ताप उलटला. या वेळी ती गोळी मिळाली, चौदा दिवस घ्यायची असेही कळले, पण पोटात मुरडा येतो म्हणून भावाने पाचव्या दिवशी ती सोडली. आता महाशिवरात्रीच्या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच हिवताप आला आहे, आणि मधल्या काळात तो नागपूरबाहेर गेलेलाही नाही.

मला समजून घ्यायचे आहे की मधले दोन-अडीच महिने हा आजार नेमका कुठे होता. डिसेंबरमध्ये रक्त तपासले होते, ते पूर्ण स्वच्छ निघाले होते. प्रायमाक्विनच्या आधी एक विशेष रक्ततपासणी करावी लागते असे आता एक डॉक्टर म्हणाले, ती खरोखर आवश्यक आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, कारण आमच्यासारखी आणखी किती घरे असतील या विचाराने मला खरोखर अस्वस्थ वाटते.

तापाची वही

ताई, मी वैद्यकीय व्यवसायात आहे. इथे कोणाला औषध लिहून देणे योग्य नाही, ते तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. आजार त्याच्या यकृतात होता.

मलेरियाचा परजीवी, म्हणजे प्लाझमोडियम, ॲनोफिलिस डासाच्या मादीच्या लाळेतून शरीरात शिरतो आणि अर्ध्या-पाऊण तासात यकृत गाठतो. तिथे तो मुकाट्याने वाढतो. या दिवसांत रुग्णाला काहीही जाणवत नाही आणि रक्ततपासणीतही काही सापडत नाही. साधारण एक ते दोन आठवड्यांनी यकृतातून हजारो परजीवी रक्तात उतरतात, तांबड्या पेशींत शिरतात, आतले हिमोग्लोबिन खाऊन वाढतात आणि पेशी फोडून नव्या पेशींकडे वळतात. व्हायव्हॅक्समध्ये हे चक्र ४८ तासांचे असते. असंख्य पेशी एकाच सुमारास फुटतात तेव्हा थंडी वाजून ताप भरतो, म्हणून तुमच्या भावाला एक दिवस सोडून, ठरल्या वेळेला ताप येत होता. मात्र सुरुवातीच्या दिवसांत ताप रोजही येऊ शकतो, त्यामुळे ‘दिवसाआड येत नाही, म्हणजे मलेरिया नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

व्हायव्हॅक्सची खरी खोड पुढे आहे. यकृतात शिरलेल्यांपैकी काही परजीवी वाढतच नाहीत. ते निद्रिस्त अवस्थेत पडून राहतात आणि काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, क्वचित त्याहूनही उशिरा जागे होतात. क्लोरोक्विन रक्तातील परजीवी उत्तम मारते, ताप दोन दिवसांत उतरतो आणि रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते, परंतु यकृतात झोपलेल्यांवर त्या औषधाचा काहीही परिणाम होत नाही. ते काम प्रायमाक्विनचे आहे. शासकीय कार्यक्रमात क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस, वजनाप्रमाणे, अशी पद्धत आहे. प्रायमाक्विनची मात्रा दर किलो वजनाला रोज ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे सर्वसाधारण प्रौढाला १५ मिलिग्रॅम असते. पाच दिवसांत ती सोडली तर निद्रिस्त परजीवींपैकी काही उरतात, आणि दुसऱ्या वेळी बहुधा तेच झाले. पोटातला मुरडा मात्र भावाने उगाच सोसला, कारण ही गोळी उपाशीपोटी घेतली की हा त्रास बऱ्याचदा होतो आणि भरल्या पोटी घेतली की बहुतेकांना होत नाही.

आता त्या तपासणीविषयी. तांबड्या पेशींत जी६पीडी नावाचे एक विकर असते, जे पेशीचे रासायनिक माऱ्यापासून रक्षण करते. काही कुटुंबांत ते जन्मतःच कमी असते, मुलग्यांमध्ये अधिक वेळा, आणि एरवी त्याचा पत्ताही लागत नाही. अशा व्यक्तीने रोज प्रायमाक्विन घेतले तर तांबड्या पेशी झपाट्याने फुटतात, लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात आणि वेळीच औषध बंद केले नाही तर जिवावर बेतते. म्हणून ही तपासणी आवश्यक आहे, विशेषतः आपल्या भागात. कमतरता निघाली तरी मार्ग बंद होत नाही; अशा रुग्णांना आठवड्यातून एकदाच, आठ आठवडे, देखरेखीखाली प्रायमाक्विन देता येते. मागच्या वेळी गोळ्या घेताना भावाच्या लघवीचा रंग बदलला नसेल तर ते चांगले लक्षण आहे, पण त्यावर विसंबून तपासणी टाळू नका.

निंबाची सावली

इतक्या स्पष्ट शब्दांत हे सप्टेंबरमध्येच कोणी सांगितले असते तर त्याची सहा महिन्यांची फरफट टळली असती. लघवीचा रंग बदलला नव्हता असे तो म्हणतो. जी६पीडीसाठी रक्त उद्या सकाळी देणार आहोत.

सूक्ष्मदर्शक

मी एकतीस वर्षे रक्ताच्या स्लाइड पाहिल्या आहेत, त्यामुळे तपासणीच्या बाजूने लिहितो.

डिसेंबरमधला अहवाल चुकीचा नव्हता. जे परजीवी यकृतात झोपलेले आहेत ते बोटाच्या रक्तात दिसणार कसे? निद्रिस्त अवस्था ओळखणारी कोणतीही रक्ततपासणी नेहमीच्या वापरात उपलब्ध नाही. स्वच्छ स्लाइडवरून एवढेच सांगता येते की त्या घटकेला त्या थेंबात परजीवी आढळला नाही.

स्लाइडवर रक्त दोन प्रकारे घेतले जाते. जाड थेंबात पुष्कळ रक्त एकावर एक साठते, त्यातील तांबड्या पेशी पाण्याने विरघळवल्या जातात आणि परजीवी असल्यास सापडण्याची शक्यता कितीतरी वाढते. पातळ थरात पेशी सुट्या पसरलेल्या असतात, म्हणून परजीवी कोणत्या जातीचा ते ओळखता येते. व्हायव्हॅक्सने ग्रासलेली पेशी फुगलेली दिसते; फॅल्सिपेरम या मलेरियाच्या दुसऱ्या, अधिक घातक प्रकारात बारीक अंगठीसारखी रूपे आणि काही दिवसांनी केळ्याच्या आकाराची रूपे दिसतात. आपल्याकडे शासकीय प्रयोगशाळांतून जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांच्या नावाने ओळखला जाणारा जेएसबी रंग वापरतात. तो स्वस्त असून लवकर चढतो. जाड थेंबाची किमान शंभर क्षेत्रे पाहिल्याशिवाय स्लाइड निगेटिव्ह म्हणायची नाही, असे आम्हाला शिकवलेले होते. याला वेळ लागतो. घाईच्या ठिकाणी हा वेळ दिला जात नाही, आणि तिथेच निदान हुकते.

झटपट किट पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते, आणि जिथे सूक्ष्मदर्शक पोहोचत नाही तिथे त्याने मोठे काम केले आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. फॅल्सिपेरमसाठी किट ज्या प्रथिनाचा शोध घेते ते उपचार पूर्ण झाल्यानंतरही काही आठवडे रक्तात राहते. त्यामुळे बऱ्या झालेल्या माणसाचे किट पॉझिटिव्ह येऊ शकते आणि त्याला विनाकारण पुन्हा औषध दिले जाते. उपचाराचा परिणाम पाहायचा असेल तर स्लाइडच पाहावी. ताप असताना पहिली स्लाइड निगेटिव्ह आली आणि संशय कायम असेल, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा रक्त द्यावे; एका स्लाइडवर थांबू नये.

प्लेटलेटविषयीही लिहितो, कारण नागपुरात हा गोंधळ दर पावसाळ्यात पाहिला आहे. मलेरियातही प्लेटलेट उतरतात, कधी डेंग्यूइतकेच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्लेटलेट कमी दिसले की पुढची तपासणी डेंग्यूची आणि मलेरियाची, दोन्ही व्हायला हवी. तसेच ‘विडाल पॉझिटिव्ह’ म्हणून टायफॉइडचे उपचार चालू असलेल्या कित्येक रुग्णांच्या रक्तात मला मलेरिया सापडलेला आहे, कारण मलेरियाच्या तापात विडाल खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. जाता जाता एक भाषेची गोष्ट नोंदवतो. मराठीत आपण टायफॉइडला विषमज्वर म्हणतो, पण आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत विषमज्वर म्हणजे ठरावीक अंतराने उलटणारा ताप, आणि त्याचे तृतीयक, चतुर्थक असे भेद दिलेले आहेत. शब्दांतला हा घोळ जुनाच आहे, निदान प्रयोगशाळेत तरी तो होऊ नये.

पिवळी नदी

आमच्या वस्तीमागे नाला आहे आणि शेजारी तीन मोकळे प्लॉट आहेत, ज्यांवर पावसाळाभर पाणी साचते. आम्ही दर वर्षी धूरफवारणीची मागणी करतो, गाडी येते, दोन दिवस बरे वाटते आणि तिसऱ्या दिवशी डास पुन्हा तितकेच. ताईंचा भाऊ गडचिरोलीहून आजार घेऊन आला हे समजले, पण त्याला चावलेला नागपूरचा डास तो आजार इथे पसरवू शकतो का? आणि नाल्यासाठी आम्ही नेमकी कोणती मागणी करावी?

डबक्याकाठी

मी हिवताप विभागातून सेवानिवृत्त झालो. उमेदीची सगळी वर्षे डबकी, विहिरी आणि टाक्या पाहण्यात गेली, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

भाऊ, पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. रुग्णाच्या रक्तात परजीवीची नर-मादी रूपे तयार झालेली असतात. ती डासाच्या पोटात गेली की तिथे वाढ होऊन दहा ते चौदा दिवसांत तो डास दुसऱ्याला रोग देण्यायोग्य होतो. रुग्ण लवकर शोधून पूर्ण उपचार देणे हाही प्रतिबंधच आहे, आणि आमच्या काळी त्याला ‘समूळ उपचार’ हाच शब्द होता. पूर्वी ताप दिसला की स्लाइड काढून, निकालाची वाट न पाहता, क्लोरोक्विनच्या गोळ्या दिल्या जात. त्याला ‘गृहीतोपचार’ म्हणत. ती पद्धत आता बंद झाली आहे. आधी तपासणी आणि मग औषध हाच नियम आहे, आणि तो घरगुती उपचार करणाऱ्यांनीही पाळायला हवा.

आता नाल्याचे पाहू. नाग नदीत किंवा तुमच्या नाल्यात जे काळे, सडके पाणी असते त्यात प्रामुख्याने क्युलेक्स डास होतात, जे हत्तीरोग पसरवतात आणि रात्रभर झोपू देत नाहीत. मलेरियाच्या ॲनोफिलिसला स्वच्छ पाणी लागते. शहरातला त्याचा मुख्य प्रकार म्हणजे ॲनोफिलिस स्टीफेन्साय. तो स्लॅबवरच्या उघड्या टाकीत, जमिनीखालच्या टाक्यात, वापर नसलेल्या विहिरीत, बांधकामावर साठवलेल्या पाण्यात आणि कारंज्यात वाढतो. महाल, इतवारीकडच्या जुन्या वाड्यांतून अजूनही आडोशाला विहिरी आहेत, ज्यांवर नळ आल्यापासून कोणी पोहरा टाकलेला नाही. मोकळ्या प्लॉटवर साचलेले पावसाचे पाणी निवळले की तिथेही हे डास अंडी घालतात. त्यामुळे नाल्याविषयी तुमची तक्रार रास्त आहे, परंतु मलेरियापुरते बोलायचे तर आधी आपल्याच इमारतीची गच्ची चढावी लागेल.

अळी ओळखणे सोपे आहे. क्युलेक्स आणि डेंग्यू पसरवणारा एडिस यांच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीकडून लटकतात, डोके खाली. ॲनोफिलिसची अळी पृष्ठभागाला समांतर, काडीसारखी आडवी तरंगते, कारण तिला श्वासासाठी लांब नळी नसते. मोठा डासही ओळखता येतो. भिंतीवर बसताना तो मागचा भाग उंच करून तिरका बसतो. एडिस दिवसा चावतो, ॲनोफिलिस मुख्यतः सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत.

अंड्यापासून डास उडण्यापर्यंत उन्हापावसाच्या दिवसांत आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यामागचा हिशेब एवढाच आहे की आठव्या दिवसाच्या आत चक्र तोडायचे. टाकीचे झाकण घट्ट हवे आणि व्हेंट पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधलेली हवी. ही जाळी शंभरातल्या फार थोड्या घरांवर मला दिसली, आणि डासाला तेवढी वाट पुरते. आपल्या नागपूरचे कूलर तर पावसाळा लागला तरी खिडकीत तसेच असतात, तळाशी चार बोटे पाणी घेऊन. त्यात मुख्यतः डेंग्यूचा एडिस होतो, पण स्टीफेन्सायही सापडतो. पाणी नुसते ओतून देणे पुरेसे नाही. एडिसची अंडी काठाला चिकटून कोरडी राहतात आणि पुढच्या वेळी पाणी भरले की उबतात, म्हणून टाकी आतून घासून पुसावी लागते. वापरात नसलेल्या विहिरीत किंवा शोभेच्या हौदात गप्पी मासे सोडावेत, ते आरोग्य विभागाकडून मिळतात. ज्या पाण्याचा निचरा होऊच शकत नाही तिथे टेमीफॉससारखे अळीनाशक टाकतात.

धूरफवारणीने त्या घटकेला उडत असलेले डास मरतात. पाण्यातल्या अळीला आणि कोषाला काहीही होत नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी नवी पिढी तुमच्या दारात हजर होते. साथ भडकलेली असताना तिचा उपयोग आहे. नेहमीचा उपाय म्हणून नाही. तुम्ही मागणी करायची असेल तर मोकळ्या प्लॉटच्या मालकांना नोटीस देऊन भराव घालण्याची आणि घरोघरी अळी-सर्वेक्षणाची करावी.

हा रोग आपण जवळजवळ हरवला होता याची आजच्या पिढीला कल्पना नसते. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे ८ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले, घरोघर डीडीटीची फवारणी झाली आणि साठच्या दशकाच्या पहिल्या वर्षांत रुग्णसंख्या एका लाखाच्या आसपास खाली आली. मग ढिलाई आली. डासांनी डीडीटीला आणि फॅल्सिपेरमने पुढे क्लोरोक्विनला दाद देणे कमी केले, आणि १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. आम्ही विभागात २० ऑगस्टला डासदिन पाळत असू, कारण १८९७ मध्ये त्याच तारखेला सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हा परजीवी दिसला होता. त्या दिवशी वरिष्ठ आम्हाला १९७६ चा आकडा आवर्जून सांगत. आता देशाने २०३० पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. श्रीलंका २०१६ मध्ये आणि चीन २०२१ मध्ये मलेरियामुक्त म्हणून प्रमाणित झाले, तेव्हा हे अशक्य आहे असे मी मानत नाही.

वैनगंगाकाठ

मी गडचिरोली जिल्ह्यात शिक्षिका आहे आणि सुट्टीत नागपूरला येत असते. इथवरची चर्चा व्हायव्हॅक्सची झाली. आमच्याकडे फॅल्सिपेरमही असतो आणि त्याला उलटायला सहा महिने लागत नाहीत. तो दोन-तीन दिवसांत माणूस नेऊ शकतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीला सकाळी ताप होता आणि संध्याकाळी ती ओळख देईनाशी झाली. रात्री झटके आले. घरच्यांनी आधी पुजाऱ्याला बोलावले. त्यांना मी दोष देणार नाही, कारण चांगले बोलणारे लेकरू अचानक असंबद्ध बडबडू लागले तर कोणीही घाबरेल. आशाताईंनी किटवर रक्त तपासले, रुग्णवाहिका नाल्यापलीकडेच थांबली होती, म्हणून मुलीला खाटेवरून नाल्यापार नेले. तिथून तालुक्याच्या रुग्णालयात आर्टेसुनेटची इंजेक्शने सुरू झाली आणि चौथ्या दिवशी तिने पाणी मागितले. ती आज आठवीत आहे. दुसऱ्या एका गावातल्या मुलाच्या बाबतीत आम्हाला एक रात्र उशीर झाला होता, आणि ती रात्र मला अजून आठवते.

तेव्हा ताप असलेल्या माणसाला झटके येत असतील, शुद्ध हरपत असेल, सतत उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, धाप लागत असेल, लघवी काळपट किंवा फारच कमी होत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. नागपुरात असाल तर थेट मेडिकल, मेयो ही शासकीय रुग्णालये किंवा मिहानचे एम्स गाठा, आणि डॉक्टर विचारोत अथवा न विचारोत, रुग्ण गेल्या महिन्यात गडचिरोली, छत्तीसगड, बालाघाट अशा जंगलपट्ट्यात जाऊन आला असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. शहरातल्या डॉक्टरांच्या मनात मलेरिया येईलच असे नाही. ती एक ओळ अर्धे निदान करून देते.

मच्छरदाणीविषयीही सांगायचे आहे. शासनाकडून मिळणाऱ्या औषधयुक्त मच्छरदाणीत कीटकनाशक धाग्यातच असते, ती साधारण वीस धुण्यांपर्यंत आणि तीनेक वर्षे परिणामकारक राहते. ती साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवायची असते. कडक उन्हात वाळवली की औषध लवकर उतरते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत लोक शेतावरच्या झोपडीत मुक्काम करतात, तेव्हा मच्छरदाणी घरी राहते आणि माणसे उघड्यावर. रस्त्याच्या कामावरच्या मजुरांचेही तेच होते. ताईंच्या भावाने कामावर परत जाताना आधी मच्छरदाणी पिशवीत टाकावी.

तापाची वही

वैनगंगाकाठ ताईंनी लिहिलेल्या प्रत्येक लक्षणाशी मी सहमत आहे. फॅल्सिपेरमसाठी आता क्लोरोक्विन वापरत नाहीत. आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त औषध तीन दिवस देतात आणि रुग्णापासून डासांकडे होणारा प्रसार थांबावा म्हणून प्रायमाक्विनची एकच मात्रा देतात. आर्टेमिसिनिन हे चीनमधील एका वनस्पतीपासून मिळालेले द्रव्य, ज्याच्या शोधासाठी चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते एकटे कधीही देऊ नये, कारण परजीवी त्यालाही सरावतो. कंबोडियाच्या पश्चिम भागात तसे झालेले आहे. आपल्या आजोबांच्या पिढीला कोयनेलाची कडू गोळी माहीत होती, त्यानंतर क्लोरोक्विन आले आणि फॅल्सिपेरमपुढे निकामी ठरले. हाताशी असलेली औषधे अर्धवट घेऊन वाया घालवणे आपल्याला परवडणारे नाही.

धंतोलीकर

दोन शंका आहेत. माझी वहिनी पाच महिन्यांची गरोदर आहे आणि तिच्या माहेरी सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आहेत. सिकल सेल असलेल्यांना मलेरिया होत नाही असे तिच्याकडचे लोक सांगतात, हे खरे आहे का? आणि मलेरियाची लस पुण्यात तयार होते असे वाचले होते, ती घेता येईल का?

तापाची वही

अर्धवट खरे आहे आणि म्हणूनच धोक्याचे आहे. सिकल सेलचे केवळ वाहक असलेल्यांना, म्हणजे ज्यांना आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच तो जनुक मिळाला आहे, फॅल्सिपेरमच्या गंभीर आजारापासून बरेच संरक्षण मिळते. संसर्ग त्यांनाही होतो. दोघांकडूनही जनुक मिळालेल्या सिकल सेलच्या प्रत्यक्ष रुग्णाला मात्र मलेरिया झाल्यास रक्त झपाट्याने कमी होऊन प्रकृती गंभीर होते. विदर्भात हे दोन्ही गट मोठ्या संख्येने असल्याने हा फरक प्रत्येक घरात माहीत असायला हवा. वहिनींची तपासणी झालेली नसेल तर या आठवड्यातच करून घ्या.

गरोदरपणात मलेरिया आईला आणि बाळाला, दोघांनाही घातक असतो: रक्तक्षय, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे मूल. त्यामुळे ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासावे. प्रायमाक्विन गरोदर स्त्रीला देत नाहीत, कारण पोटातल्या बाळाच्या जी६पीडीची स्थिती कळत नाही. यकृतातील परजीवींचा बंदोबस्त प्रसूतीनंतर करतात आणि तोवर डॉक्टर तिला देखरेखीखाली ठेवतात.

आर२१ ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते आणि जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. ती फॅल्सिपेरमविरुद्ध आणि लहान मुलांसाठी आहे, आफ्रिकेतील देशांत दिली जाते. प्रौढांसाठी ती नाही आणि व्हायव्हॅक्सवर तिचा उपयोग नाही. वहिनींसाठी आजची सर्वांत खात्रीची गोष्ट म्हणजे संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि रात्री नीट खोचलेली मच्छरदाणी.

निंबाची सावली

सर्वांना उत्तर देण्यास उशीर झाला, क्षमस्व. भावाचे जी६पीडी योग्य प्रमाणात निघाले. क्लोरोक्विनचे तीन दिवस संपले असून प्रायमाक्विन रात्रीच्या जेवणानंतर लगेच देतो. या वेळी पोटात एकदाही दुखले नाही, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये एवढ्याशा कारणाने औषध सुटले याचे अधिक वाईट वाटते.

डबक्याकाठी काकांचे वाचून मी आणि शेजारचे दोघे रविवारी गच्चीवर गेलो. आमच्या इमारतीला चार टाक्या आहेत. दोन टाक्यांची झाकणे नुसती ठेवलेली होती, एकाही व्हेंट पाइपला जाळी नव्हती, आणि कडेच्या टाकीत विजेरी धरली तेव्हा पाण्यावर काडीसारख्या आडव्या अळ्या स्पष्ट दिसल्या. इमारतीतल्या लोकांना बोलावून दाखवल्या. ती टाकी त्याच दिवशी उपसून घासली, चारही पाइपांना नायलॉनची जाळी तारेने आवळली आणि महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात अळी-सर्वेक्षणासाठी अर्ज दिला आहे. मोकळ्या प्लॉटविषयीचा अर्ज पिवळी नदी यांच्यासोबत वेगळा करणार आहोत.

भाऊ होळीनंतर कामावर जाईल. त्याच्या चमूत अकरा जण आहेत आणि त्यांपैकी चौघांना गेल्या पावसाळ्यात असाच ताप येऊन गेला होता असे तो काल म्हणाला. चौदा दिवसांच्या गोळ्या त्यांपैकी कोणीच घेतलेल्या नाहीत. त्यांची नावे त्याने लिहून घेतली आहेत आणि तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांना स्वतः घेऊन जाणार आहे. आज नववी गोळी झाली. उरलेल्या पाच गोळ्यांच्या पाकिटावर मी तारखा लिहून ते पाकीट देवघराजवळ ठेवले आहे.